आवारात डांबर टाकण्याआधी पाण्याची वाट बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापायला लागला की गृहनिर्माण सोसायट्या, मंगल कार्यालयं, दवाखाने, शाळा यांच्या आवारात डांबराचे डंपर वळायला लागतात. पावसाळ्यात हॉटमिक्सचे, म्हणजे खडी आणि डांबर गरम करून मिसळणारे, प्लँट बंद होतात, त्यामुळे जे करायचं ते मेअखेरपर्यंत उरकायचं, अशी घाई असते. कुठे नगरसेवकाचा निधी आलेला असतो, कुठे सभासदांनी वर्गणी काढलेली असते. कुठे ठेकेदार सांगतो, ‘शेजारच्या रस्त्याचं काम चालूच आहे, उरलेला माल तुमच्याकडे स्वस्तात टाकून देतो.’ तेवढ्यावर निर्णय होतो आणि दोन दिवसांत आवार काळंभोर होतं. मी सार्वजनिक बांधकाम विभागात शाखा अभियंता होते. नोकरीची बरीचशी वर्षं रस्त्यांवरच गेली. आता निवृत्तीनंतर नाशिकला इंदिरानगर भागात राहते. ओळखीतले लोक ‘ताई, जरा आमचं आवार बघून जा’ म्हणून बोलावतात आणि मीही आवडीने जाते. तिथे जे दिसतं त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

डांबराला माझा विरोध नाही. नीट केलेलं डांबरी आवार स्वच्छ राहतं, चिखल होत नाही, म्हाताऱ्या माणसांना चालायला बरं पडतं, आणि काँक्रीटपेक्षा हाताशी कमी पैसे लागतात. काँक्रीटला आठवडेच्या आठवडे पाणी मारत बसावं लागतं. डांबरावर दुसऱ्या दिवशी गाडी उभी करता येते. माझं म्हणणं एवढंच आहे की रस्त्यासाठी ठरलेली पद्धत जशीच्या तशी गाड्या उभ्या करायच्या जागेला लावू नये, आणि जुन्या थरावर नवा थर चढवत आवाराची पातळी वाढवू नये. यातली दुसरी गोष्ट जास्त घातक आहे, पण आधी पहिलीबद्दल सांगते.

लोकांना वाटतं, रस्त्यावरून रोज हजारो गाड्या जातात, भरलेले ट्रक जातात, तरी तो टिकतो. मग आमच्या पंचवीस-तीस गाड्यांचं ओझं ते काय? प्रत्यक्षात उलट आहे. धावतं चाक डांबरावर क्षणभर टेकतं आणि पुढे जातं. तेवढा दाब डांबर सहज झेलतं. उभी गाडी मात्र रात्रभर, कधी आठवडाभर, त्याच चार जागांवर बसून असते. सतत राहणाऱ्या ओझ्याखाली डांबर हळूहळू सरकतं. त्यात आपल्याकडचं ऊन. रस्त्याच्या कामाला सर्रास वापरतात ते व्हीजी-३० प्रतीचं डांबर. भारतीय मानकानुसार त्याचा मऊ होण्याचा बिंदू किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी उघड्यावरच्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान साठ अंशांपर्यंत जातं. खडीच्या जाळीमुळे थर उभा राहतो, नाही तर तो वाहूनच गेला असता. पण अशा दुपारी दुचाकी बाजूच्या स्टँडवर उभी केली की त्या रुपयाएवढ्या टोकावर बरंच वजन येतं आणि टोक आत रुततं. कुठल्याही डांबरी पार्किंगमध्ये दुचाकींच्या रांगेत जाऊन वाकून बघा. एकाच रेषेत भोकं पडलेली दिसतील, आणि त्या प्रत्येक भोकात पहिल्या पावसाचं पाणी साचलेलं असेल.

पॉवर स्टिअरिंग आल्यापासून आणखी एक भर पडली आहे. गाडी जागच्या जागी उभी ठेवून चाकं पूर्ण वळवली की टायर खडीला अक्षरशः पिळून काढतं. गेटच्या आत जिथे सगळे वळतात, तिथली खडी पहिल्यांदा सुटते. शिवाय ऑइल आहे. डांबर खनिज तेलापासूनच निघतं, त्यामुळे पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल ठिबकलं की ते त्यात विरघळायला लागतं. रस्त्यावर थेंब विखुरले जातात, पार्किंगमध्ये एकाच जागी पडत राहतात. जुन्या रिक्षेखालचा डाग बोटाने खरवडून बघा, खडी मोकळी हातात येते.

आणि एक गोष्ट तर अभियंत्यांनाही पटवून द्यावी लागते. रहदारी कमी असली की डांबराचं आयुष्य वाढतंच असं नाही. रस्त्यावर चाकांखाली थर आणखी दाबला जातो, आतल्या पोकळ्या मिटतात. आवारात ती दबाई मिळत नाही. पोकळ्या तशाच राहतात, त्यातून हवा आणि पाणी आत शिरतं, डांबर वाळून ठिसूळ होतं आणि चार-पाच वर्षांत खडी पायाखाली लोळायला लागते. म्हणून आवाराला बारीक खडीचा, डांबराचं प्रमाण थोडं जास्त असलेला, घट्ट बसणारा माल हवा. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी वीस मिलिमीटर जाडीचं उघड्या जाळीचं, म्हणजे खडीत पोकळ्या राहणारं, कार्पेट टाकतात आणि त्या पोकळ्या वरून बुजवणारा सील कोट दिला तर दिला. हलक्या रहदारीच्या रस्त्यावर ते चालतं. जिथे टँकर उभा राहून रिकामा होतो तिथे ते एका उन्हाळ्यात हार मानतं.

टँकरचं बोलायलाच हवं. कागदावर सोसायटीत फक्त मोटारी आणि दुचाकी असतात. पण दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, वर गाडीचं वजन वेगळं. तो रिव्हर्स घेत हौदापाशी जातो, तासभर उभा राहतो, त्याच्या पाइपमधून गळणारं पाणी चाकांपाशीच साचतं. आपल्या भागात बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती आहे. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. ती न काढता, पुरेसा मुरूम न भरता आणि खडीकरण न करता वरून कितीही महाग माल टाका, हौदाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन चाकोऱ्या पडणारच. निदान टँकरची वाट आणि उभं राहायची जागा तरी वेगळी काढून काँक्रीटची करावी, असं मी प्रत्येक सोसायटीला सांगते. तेवढ्या पट्ट्याचा खर्च फार नसतो आणि उरलेलं डांबर वाचतं.

आता पातळीचा प्रश्न. एका थराने आवार दोन-अडीच सेंटिमीटरने वर येतं. एवढंसं वाटतं. पण तीन-चार वेळा असं झालं की दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच पातळी वाढते, आणि इमारतीचं जोतं मात्र बांधलं तेव्हा होतं तिथेच राहतं. मध्यंतरी एका जुन्या सोसायटीत गेले होते. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. पूर्वी त्यांच्या दाराला दोन पायऱ्या होत्या. एक पायरी डांबराखाली गेली, दुसरीचा जेमतेम कंगोरा वर राहिला. आजींनी उंबऱ्यावर विटा लावून सिमेंटचा छोटा बांध घातला होता, पाऊस आला की तो ओलांडून ये-जा. मी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी मागवली, तिचं एक टोक गेटपाशी धरलं आणि दुसरं आजींच्या दारात. नळीतलं पाणी स्थिर झाल्यावर भिंतीवर पेन्सिलने खूण केली. गेटपाशी डांबर नळीतल्या पाण्याच्या खाली जेवढं होतं, त्यापेक्षा आजींच्या दारातलं डांबर चांगलं चार बोटं जास्त खाली निघालं. म्हणजे सगळ्या आवाराचा ढाळ घराकडे होता. कमिटीचे अध्यक्ष शेजारीच उभे होते. ते खूण बघून म्हणाले, ‘पण ताई, मागच्या वर्षीच तर एवढं छान केलं.’ छान केलं होतंच, पृष्ठभाग गुळगुळीत होता. पाण्याला कुठे जायचं ते मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

त्याच आवारात ड्रेनेजचे दोन चेंबर डांबराखाली गाडले गेले होते. एकाचं झाकण शोधायला नुकताच घातलेला थर तीन ठिकाणी फोडावा लागला. फोडलेली जागा मग सिमेंटने लिंपली. डांबर आणि सिमेंट यांचा सांधा कधी जुळत नाही, पाणी तिथूनच खाली उतरतं.

यावर उपाय साधा आहे, फक्त कष्टाचा आहे. जुना थर आधी खरवडून काढायचा. थर खरवडणारं मोठं मिलिंग मशीन गेटमधून आत येत नसेल तर ब्रेकर लावून काढायचा. जोत्यापासून बाहेरच्या गटारापर्यंत पातळ्या घ्यायच्या, दहा मीटर लांबीत पंधरा ते वीस सेंटिमीटर उतार मिळेल असा ढाळ काढायचा आणि तो खडीकरणातच द्यायचा. वरच्या डांबराने ढाळ साधायचा प्रयत्न केला की कुठे जाड, कुठे पातळ होतं आणि पातळ जागा आधी फुटते. चेंबरची झाकणं नव्या पातळीला आधी बसवून घ्यायची. कडेला कर्बस्टोन लावायचा, कारण आधार नसलेली डांबराची कड चाकाखाली ढासळते. ठेकेदाराच्या दरपत्रकात ‘जुना थर काढणे’ ही बाब बहुतेक वेळा नसतेच. ती नसली की दर कमी दिसतो आणि कमी दर मंजूर होतो.

पाण्याचीच पुढची गोष्ट. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात साडेचार हजार वर्षांपूर्वी विटांच्या बांधकामात डांबराचा थर दिलेला आहे, तो पाणी बाहेर झिरपू नये म्हणून. हा पदार्थ पाणी अडवण्यात इतका पटाईत आहे. मुरमाच्या आवारात पडलेला बराचसा पाऊस जमिनीत मुरायचा, आता तो अडतो आणि वाहून जातो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस मीटरचं आवार असेल आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर पंचवीस हजार लिटर पाणी झालं, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. मे महिन्यात ज्या सोसायट्या टँकरवाल्याला फोन लावून रांगेत थांबतात, त्याच जूनमध्ये एवढं पाणी गेटबाहेर काढून देतात, आणि ते बाहेरच्या गटारात मावलं नाही की चौकात तुंबतं. हे मला मनापासून बोचतं. म्हणून जिथे गाड्या नुसत्या उभ्या राहतात तिथे डांबर टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सांध्यांतून पाणी उतरेल असे ब्लॉक बसवावेत. मोटारींसाठी साठ मिलिमीटर जाडीचे पुरतात, टँकर जात असेल तर ऐंशीचे घ्यावेत. खाली खडीचा आणि वर रेतीचा थर मात्र हवा. सिमेंटच्या लादीवर बसवलेल्या ब्लॉकमधून पाणी कुठे जाणार? स्टँड रुतत नाही, ऑइलने ब्लॉक विरघळत नाही, आणि पाइपलाइन फुटली तर तेवढे ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. गाड्यांच्या येण्या-जाण्याचा रस्ता डांबरी ठेवा आणि त्याचा ढाळ या ब्लॉककडे किंवा शोषखड्ड्याकडे द्या. अशी मिश्र रचना मी दोन-तीन ठिकाणी करून घेतली आहे आणि ती नीट चालते आहे.

झाडांचंही तेच. कडुलिंबाच्या, बदामाच्या खोडाला अगदी चिकटवून डांबर ओततात. मुळांना पाणी आणि हवा दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता. आपण तो आदेशाची वाट न बघता पाळायला काय हरकत आहे? गरम माल खोडाशी टाकताना साल भाजते, ते वेगळंच.

काम चालू असताना सामान्य सभासदाला काय तपासता येईल, असं मला नेहमी विचारतात. तीन गोष्टी तपासता येतात आणि त्यासाठी अभियंता असायची गरज नाही. व्हीजी-३०चा माल अंथरताना किमान १४० अंश असावा आणि दबाई ९० अंशांच्या खाली जायच्या आत पूर्ण व्हावी. धातूच्या दांड्याचा थर्मामीटर बाजारात मिळतो, तो डंपरमधल्या ढिगात वीतभर खुपसून बघावा. एका आवारात मी तो काढला तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, माल एकदम गरम आहे, वाफ बघा की.’ वाफ होतीच, कारण ढिगाचं वरचं अंग सकाळच्या सरीने भिजलेलं होतं. डंपरवर ताडपत्री नव्हती. आत पारा शंभरापर्यंतही पोचला नाही. तो डंपर मी परत पाठवायला लावला. उरलेल्या मालाचं हेच होतं. मोठ्या कामावरून उरलेला, दोन तास रहदारीत अडकलेला माल लहान आवाराच्या नशिबी येतो, आणि पातळ थर तर तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखा बघता बघता निवतो. मग रोलर कितीही फिरवा, तो दबत नाही. निळसर धूर दिसला तर माल जळालेला आहे, तोही घेऊ नये.

दुसरी गोष्ट काट्याची पावती. दाबलेल्या डांबरी थराचं वजन घनमीटरला साधारण २.३ टन धरावं. पाचशे चौरस मीटरवर चार सेंटिमीटर थर ठरला असेल तर २० घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४६ टन माल यायला हवा. तो अडीच सेंटिमीटरच पडला तर २९ टनांत काम संपतं. प्रत्येक डंपरची वजनकाट्याची पावती घेऊन बेरीज करा, जाडीचा वाद तिथेच मिटतो. हे गणित दहावीतल्या मुलालाही येईल, आणि मी खरंच सोसायटीतल्या मुलांना पावत्या गोळा करायला बसवते. मुलं चोख काम करतात.

तिसरी गोष्ट कडा आणि कोपरे. मोठा रोलर भिंतीपर्यंत जात नाही. तिथे बेबी रोलर, प्लेट कॉम्पॅक्टर, तेही नसेल तर धुमस चालवून दबाई करावी लागते. ती केली नाही की पहिल्या पावसानंतर भिंतीच्या कडेने हिरवळ उगवते.

सभेत कुणीतरी हमखास पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण देतं. १९७६ साली झालेला तो रस्ता, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी ठेकेदाराने दिलेली हमी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं टिकलेलं ते काम. उदाहरण योग्यच आहे, पण त्यातलं घ्यायचं काय? हमी लेखी होती, हे आधी घ्या. आवाराच्या करारात निदान तीन पावसाळ्यांची दुरुस्तीची जबाबदारी लिहून घ्या आणि तेवढ्या मुदतीसाठी बिलातली काही रक्कम अडवून ठेवा. जो ठेकेदार याला नकार देतो त्याचा दर कितीही कमी असो, त्याला काम देऊ नका.

अलीकडे गणपती-दिवाळीच्या आधी जुन्या डांबरावर काळा लेप मारून ‘नव्यासारखं’ करून देणारेही भेटतात. पाण्यात मिसळणारं डांबरी इमल्शन योग्य वेळी मारलं तर बारीक भेगा मिटतात, त्याला हरकत नाही. पण कोळशापासून काढलेल्या डांबराचा लेप घेऊ नका. त्यात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी संयुगं असतात आणि लेप झिजला की ती धुळीत आणि पाण्यात जातात. घरापुढच्या वाटा आणि पार्किंग यांवर असे लेप अमेरिकेत फार वापरले जात; तिथल्या ऑस्टिन शहराने २००६ साली आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ साली त्यांवर बंदी घातली. आपल्या आवारात पोरं अनवाणी क्रिकेट खेळतात. डब्यात काय आहे ते लेखी विचारा, आणि माल पातळ करायला कुणी रॉकेल ओतताना दिसलं तर काम तिथेच थांबवा.

आपल्या दैनिकामार्फत महापालिकेच्या बांधकाम विभागाला माझी एक मागणी आहे. लोकप्रतिनिधींच्या निधीतून किंवा पालिकेच्या पैशातून कुठल्याही आवारात, मैदानाच्या कडेला किंवा वाहनतळावर डांबरीकरण होणार असेल, तर अंदाजपत्रकात जुना थर काढण्याची बाब सक्तीची करावी. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर जोतं, आवार आणि बाहेरचं गटार यांच्या पातळ्या नोंदवलेला एक कागद फाइलला लावावा आणि त्याची प्रत रहिवाशांना द्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा कर्मचारी लागत नाही. कनिष्ठ अभियंत्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. या हंगामातली कामं अजून निम्मी व्हायची आहेत, त्यांना हा नियम आत्तापासून लावता येईल. ज्या सोसायट्यांना पातळ्या घ्यायला मदत हवी असेल त्यांच्याकडे मी नळी आणि पेन्सिल घेऊन यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शाखा अभियंता,
इंदिरानगर, नाशिक